आतून म्हणजे नेमके कुठून?

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहते. वय ३४ वर्षे, दोन मुले आहेत. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग उठले आणि गेल्या वर्षापासून हनुवटीवर व जबड्याच्या कडेने मोठ्या, दुखऱ्या पुळ्या येत आहेत. मान मागच्या बाजूने काळी पडली आहे. कितीही घासली तरी रंग जात नाही. मेडिकलमधून आणलेले एक मलम दीड वर्षापासून लावते. ते लावले की चेहरा उजळतो, चार दिवस बंद केले की लाल होऊन चुरचुरतो. हंगामात आंब्याच्या पॅकिंगला जाते. पहाटे पाचला उठते आणि झोपायला बारा वाजतात. यजमान मुंबईला असतात. सासूबाई म्हणतात, तुझे रक्त खराब झाले आहे. जाऊबाई म्हणतात, वरून काही लावून उपयोग नाही, आतून शुद्धी झाली पाहिजे. त्यांच्या ओळखीत साडेचार हजार रुपयांचा तीन महिन्यांचा संच मिळतो. त्यात कोलॅजनची पावडर, बायोटिनच्या गोळ्या आणि शरीर साफ करणारा काढा आहे. मे महिन्यात नणंदेचे लग्न आहे. आतून उपचार केल्याने त्वचा खरोखर सुधारते का? हा संच घ्यावा का?

उत्तर : जाऊबाईंचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. त्वचा म्हणजे भिंतीला दिलेला रंग नाही. शरीरात जे चालले आहे त्याची खूण तिच्यावर उमटते आणि तुमच्या पत्रात अशा तीन खुणा तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत. मात्र तुमचे ‘आतले’ त्या खोक्यात सापडणार नाही. तुमच्या बाबतीत आतून म्हणजे रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, स्त्री-संप्रेरकांचा तोल, रोजचे ताट आणि पाच तासांची झोप. त्या सगळ्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी बाहेरून चाललेली एक गोष्ट थांबवावी लागेल, कारण ती चालू असेपर्यंत आतून केलेल्या कोणत्याही उपायाचा गुण दिसणार नाही.

ती गोष्ट म्हणजे तुमची ट्यूब. घरात चांगला उजेड असेल तेथे बसून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टिरॉइडचे मलम आहे. आणि ‘लावले की उजळतो, सोडले की चुरचुरतो’ या तुमच्या एका वाक्यावरून मला तसाच दाट संशय आहे. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दाबून टाकते, म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा नितळ आणि गोरा दिसतो. पुढे त्वचा पातळ होत जाते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, ओठाभोवती लव वाढते, पुळ्या येतात आणि शेवटी चेहऱ्याला त्या मलमाची सवयच लागते. आपल्या देशात हे इतके सर्रास घडते की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणली गेली, तरीही ती काउंटरवरून कशी मिळतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड यांचे एकत्र मलम आम्ही डॉक्टरही देतो. पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. दीड वर्ष हा काळ फार झाला. तरीसुद्धा ही ट्यूब उद्या सकाळी उठून उकिरड्यावर फेकू नका. सवय लागलेल्या चेहऱ्यावरून ती अचानक काढली तर काही आठवडे लाली, आग आणि पुळ्या इतक्या उसळतात की बहुतेक जणी घाबरून पुन्हा तेच मलम लावतात. हळूहळू कमी करायचे, की ते बंद करून दुसरे सौम्य औषध द्यायचे, हे त्वचारोगतज्ज्ञाने चेहरा पाहूनच ठरवावे लागते. जाताना ट्यूब सोबत न्या. पुढे गरोदरपणाचा विचार असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण वांगाच्या आणि मुरुमांच्या काही औषधांचा गर्भाला धोका असतो.

माझ्या दवाखान्यात मी अशा प्रत्येक बाईला आणखी एक प्रश्न विचारते : ही ट्यूब घरात दुसरे कोण वापरते? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे आठवडाभर नीट वाळत नाहीत आणि जांघेतले गजकर्ण घरोघरी असते. त्यावर ‘खाज थांबते’ म्हणून तेच मलम लावले जाते. खाज थांबते हे खरे. बुरशी मात्र आत पसरत राहते, तिचा आकार बदलतो आणि नंतर ती साध्या औषधाला दाद देत नाही. तुमच्या घरात तसे असेल, तर त्या व्यक्तीलाही सोबत घेऊन जा.

आता मानेकडे येते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे आणि तुम्ही ते ओझरते लिहिले आहे. आमच्याकडे मुली आणि बायका अशी मान वज्रीने घासून, लिंबू चोळून, सोलपटून घेऊन येतात. जरा आरशात बघा, किंवा मुलीकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या : काळेपणा मानेच्या घड्यांमध्ये जास्त आहे का, बोट फिरवले तर ती जागा मखमलीसारखी, किंचित जाड लागते का, आणि काखेतही तसेच आहे का? असेल तर तो मळ नाही, त्यामुळे घासून तो कधीच जाणार नाही. शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, आणि रक्तात वाढलेले हे इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढण्याची आज्ञा देते. त्यातून ही काळी, जाडसर घडी तयार होते. मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी ही खूण दिसू शकते.

हेच वाढलेले इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक तयार करायला लावते. त्या संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमछिद्रांची तोंडे बंद होतात, आत जंतू वाढून दाह होतो आणि हनुवटी-जबड्यावर, विशेषतः पाळीच्या आधीच्या आठवड्यात, दुखऱ्या गाठी येतात. म्हणजे मानेचा काळेपणा आणि हनुवटीच्या पुळ्या ही तुम्हाला दोन दुखणी वाटत असली, तरी ती एकाच दोरीची दोन टोके असण्याची शक्यता आहे. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा येते का, ओठांवर वा हनुवटीवर राठ केस वाढले आहेत का, दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाचा घेर उतरलाच नाही असे झाले आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. पीसीओएस या बीजकोशांच्या आणि संप्रेरकांच्या विकाराची तपासणी त्यावरून ठरते.

उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) या दोन तपासण्या करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असे समजतात, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह धरतात. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी इन्सुलिनचा ताण कमी होतो, पाळी सुधारते आणि मान काही महिन्यांत हळूहळू उजळू लागते. ‘आतून उपचार’ या शब्दांना माझ्या मते याहून नेमका अर्थ नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याचाही विचार करू. रक्त ‘खराब’ होत नसते. ते गाळण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे चोवीस तास करतात आणि त्यांना काढ्याची मदत लागत नाही. पण रक्त कमी मात्र असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दोन बाळंतपणे, हंगामातले उभ्याचे काम आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवण हे तुमचे चित्र पाहता तुमचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली निघाले तर मला नवल वाटणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही तेथे मोफत मिळतात. हिमोग्लोबिन वाढल्याने वांग जाणार नाही, हे स्पष्ट सांगते. चेहऱ्याचा निस्तेजपणा, गळणारे केस आणि जिना चढताना लागणारी धाप यांत मात्र फरक पडेल. याच वेळी थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, कारण ती ग्रंथी मंदावली की त्वचा कोरडी आणि खरखरीत होते. येथे त्या संचाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा : बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गोळ्या सुरू केल्याच असतील, तर प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना तसे सांगा.

जेवणाच्या बाबतीत कोकणातल्या बाईला परदेशी बिया आणि महागडी फळे सुचवणारे सल्ले वाचले की मला हसू येते. तुमच्या परड्यात आणि बंदरावर जे आहे ते पुरेसे आहे. प्रश्न ते कोणत्या वेळी आणि किती प्रमाणात ताटात येते याचा आहे. पहाटे पाचला चहा आणि चार बिस्किटे, दहाला पुन्हा चहा आणि खारी, दुपारी दोनला ताटभर भात, रात्री साडेदहाला पुन्हा भात, असा दिवस असेल तर रक्तातील साखर चार वेळा उसळते आणि तेवढ्याच वेळा इन्सुलिन. मुरुमांचा आणि अशा झपाट्याने साखर वाढवणाऱ्या आहाराचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसून आला आहे. म्हणून पहिला बदल सकाळचा करा : बिस्किटांऐवजी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, किंवा उकड्या तांदळाची पेज आणि सोबत अंडे वा मोड आलेली उसळ. भात सोडू नका, कारण तो सुटणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण ताटात आधी भाजी आणि आमटी वा मासे वाढून घ्या आणि उरलेल्या जागेत भात घ्या. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या, कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह नीट शोषू देत नाही. लाल माठ, टाकळा, शेवग्याचा पाला यांच्यासोबत लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर तेच लोह अधिक अंगी लागते.

माशांमध्ये सुरमई-पापलेटच्या मागे लागण्याची गरज नाही. बांगडा आणि तारली किंवा पेडवे या स्वस्त, तेलकट माशांत दाह कमी करणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात. तिसऱ्यांमध्ये लोह चांगले असते, आणि खडकावरून फोडून आणलेली कालवे तर जस्ताचा सर्वांत समृद्ध साठा आहेत. जखम भरून येण्यासाठी शरीराला जस्त लागते. मासे तव्यावर तेलात बुडवून तळण्यापेक्षा तिखले किंवा कालवण करा. बांगडा खाऊन अंगावर गांधी उठल्या म्हणून मासे कायमचे सोडणाऱ्या बायका मला भेटतात. पुष्कळदा तो मासा वेळेत बर्फात न ठेवल्याने त्यात तयार झालेल्या हिस्टामिनचा त्रास असतो आणि तो शिजवूनही जात नाही. अशा वेळी सोडायचा तो शिळा बांगडा.

आता आंबा, कारण तुम्ही विचारले नसले तरी तो प्रश्न मार्चपासून येणारच. ‘आंबा उष्ण, त्याने पुळ्या येतात’ या समजुतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे वाट्यामागून वाट्या आमरस आणि सोबत पुऱ्या. त्यात साखरेचा मारा असतो आणि ज्यांना मुळातच मुरुमांचा त्रास आहे त्यांचा तो वाढू शकतो. जेवणानंतर रसाऐवजी एका आंब्याच्या फोडी खाल्ल्या तर मी हरकत घेणार नाही. दुसरी गोष्ट देठाच्या चिकाची. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले; त्यांच्या चिकातील द्रव्यांनी कातडी बिब्बा उतल्यासारखी भाजते. मी लहानपणी झाडावरचा आंबा दातांनीच देठ तोडून चोखला होता आणि त्याची काळी खूण ओठाच्या कडेला पुढचे दोन महिने मिरवत शाळेत गेले होते. तुम्ही दिवसभर पेट्या भरता, चिकाचा हात घाम पुसायला गालावर जातो आणि तेथे आधीच मलमाने पातळ झालेली त्वचा आहे. हातमोजे घाला, घाम पुसायला वेगळा सुती रुमाल ठेवा आणि चीक लागला तर ताबडतोब साबणाने धुवा.

झोपेविषयी लांबण लावत नाही. हंगामात आठ तास मिळणार नाहीत हे मला समजते. पण बारा ते पाच ही झोप त्वचेलाही अपुरी आहे आणि साखरेलाही. निदान साडेदहा-अकराला अंथरुणावर पडता येईल का, भांडी सकाळी दुसऱ्या कोणाच्या वाटणीला देता येतील का, हे घरात बोला. रात्री यजमानांशी फोनवर बोलताना एक हात नकळत हनुवटीवर जाऊन पुळी कुरतडत असतो का, तेही पाहा. माझ्याकडील निम्म्या डागांचा उगम त्या अर्ध्या तासात असतो. पुळी आठवड्यात बसते, कुरतडल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

वांगाचा स्वभाव चिवट आहे. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन, चुलीची धग आणि आनुवंशिकता यांच्या संगनमताने ते उठते, आणि आटोक्यात आले तरी दर उन्हाळ्यात डोके वर काढते. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारा. वांगाला अतिनील किरणांइतकाच साधा दृश्य प्रकाशही चिथावतो, म्हणून पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेले, कातडीच्या रंगाचे, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन घ्या. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते, वाटाण्याएवढे नाही. घामात ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. शेडबाहेर पडताना रुंद काठाची टोपी किंवा दुहेरी पदर घ्या. किनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणे परत फेकते, त्यामुळे तेथे छत्रीखालीही चेहरा भाजतो. लिंबाचा रस चेहऱ्याला कधीही लावू नका; तो लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळते आणि डाग आणखी गडद होतो. केसांना खोबरेल चोपडून झोपत असाल तर ते कपाळावर आणि गालावर उतरून छिद्रे बुजवते. तेल न्हाण्याआधी तासभर लावा. तेच खोबरेल आंघोळीनंतर हातापायांना उत्तम, आणि टाचांच्या भेगांना व ओठांना आपले मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. पुळ्या असलेल्या चेहऱ्याला मात्र यांतले काहीच नको.

राहिला तो संच. कोलॅजन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते. ते थेट गालावर जाऊन बसत नाही. त्याच्या बाजूने जे लहान अभ्यास आहेत त्यांपैकी पुष्कळांना उत्पादकांचाच पैसा लागला आहे, आणि त्यात वांगाचा किंवा तुमच्या प्रकारच्या पुळ्यांचा प्रश्नच नाही. बायोटिनची कमतरता क्वचित आढळते. काढ्याच्या बाटलीवर घटक आणि उत्पादकाचे नाव नसेल, तर तो घेऊच नका. आयुर्वेदाकडे जावेसे वाटत असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जरूर जा; मंजिष्ठा, सारिवा यांचा त्वचेसाठी वापर जुना आहे, पण तो नाडी आणि पोट पाहून व्हावा, ओळखीतून आलेल्या पुडीतून नाही. गोरेपणाच्या बेनामी डब्यांबाबत तर मी फारच कठोर आहे : केरळच्या मलप्पुरम भागात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांचा माग काढताना डॉक्टर पारा असलेल्या मलमांपर्यंत पोहोचले होते. साडेचार हजारांत तुमच्या सगळ्या रक्ततपासण्या, त्वचारोगतज्ज्ञाची भेट आणि सनस्क्रीन बसेल. वर अंड्यांसाठी काही उरले तर पाहा.

लग्नाचे विचारता, तर तीन महिन्यांत पुळ्या बऱ्याच कमी झालेल्या असाव्यात. त्वचेचा वरचा थर बदलायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात आणि वयाबरोबर तो काळ वाढतो, म्हणून कोणत्याही उपचाराचा निकाल आठ ते बारा आठवड्यांआधी लावू नये. वांग फिकट होईल, पुसले जाणार नाही. मलम सुटण्याच्या काळात चेहरा हळवा असेल, त्यामुळे लग्नाआधी पार्लरमध्ये ब्लीच किंवा फेशियल करून घेऊ नका. नणंदेची उष्टी हळद वहिनी म्हणून तुम्हालाही लागेलच. तेवढ्या दिवशी ती गालांऐवजी हातांना लावा असे बायकांना आधीच सांगून ठेवा.